वाघीण उलटी करून पाहा

१९५७ साली लायनेल या अमेरिकी कंपनीने खास मुलींसाठी म्हणून खेळण्यातली एक आगगाडी बाजारात आणली. इंजिन गुलाबी, मागच्या वाघिणी फिकट पिवळ्या, आकाशी, जांभळट, आणि शेवटी गार्डाचा डबाही आकाशी. ती खपली नाही. ज्या मुलींना आगगाडी हवी होती, त्यांना ती खऱ्या रुळांवर दिसते तशी काळीच हवी होती, असे तेव्हापासून सांगितले जाते आणि ते पटण्याजोगे आहे. दुकानांत माल पडून राहिला आणि कंपनीने लवकरच नाद सोडला. आज तीच गाडी पूर्ण संचात, मूळ खोक्यांसकट मिळाली, तर तिची गणना लायनेलच्या युद्धोत्तर मालातल्या महागड्या वस्तूंत होते. त्याच घडणीचे काळे इंजिन मात्र असंख्य घरांत नाताळच्या झाडाखाली गोल गोल फिरले, म्हणून आज ते तुलनेने किरकोळ पैशांत मिळते. संग्राहकांच्या बाजाराचा कल हा असा आहे: जे दुर्मीळ, ते बहुतेक वेळा न खपलेले असते. त्याचा एक परिणाम सहसा ध्यानात घेतला जात नाही. काचेच्या कपाटांत जपलेल्या दुर्मीळ गाड्या पाहून त्या काळातली मुले कशाशी खेळत होती हे कळत नाही, उलट त्यांनी काय नाकारले हेच जास्त कळते. घराघरांतून खरोखर धावलेली आगगाडी पाहायची असेल, तर अमेरिकेत तिचा पत्ता संग्रहालयापेक्षा अँटिक मॉल हाच आहे, असे माझे म्हणणे आहे.

अँटिक मॉल म्हणजे आपल्याकडचा जुना बाजार नव्हे. एक मोठी इमारत असते, पुष्कळदा बंद पडलेले दुकान किंवा कारखाना. तिचे लहान लहान गाळे पाडून ते महिन्याच्या भाड्याने विक्रेत्यांना दिलेले असतात. विक्रेता गाळ्यात बसत नाही. तो येऊन माल मांडतो, प्रत्येक वस्तूला दोरीने चिठ्ठी बांधतो, चिठ्ठीवर किंमत आणि आपला क्रमांक लिहितो आणि निघून जातो. पैसे घ्यायला दारापाशी एकच गल्ला. मौल्यवान वस्तू कुलूपबंद काचेच्या कपाटात असतात आणि गल्ल्यावरच्या माणसाला किल्ली घेऊन बोलवावे लागते. पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅडम्सटाउन गावाची तर ओळखच अशा बाजारांमुळे आहे. मुद्दा असा की, या गाळ्यांतला पुष्कळ माल आवरलेल्या घरांतून आलेला असतो. म्हातारे आईवडील गेले, घर विकायला काढले, माळ्यावरची खोकी खाली आली, आणि त्यांत काचेची भांडी, दिवे, शिलाई मशीन यांच्याबरोबर एक आगगाडीही निघाली. विक्रेत्याने हे सगळे एकगठ्ठा उचललेले असते. काचेच्या भांड्यांतले त्याला कळते, आगगाडीतले कळतेच असे नाही. त्यामुळे चिठ्ठीवरची किंमत ही वस्तूच्या मोलापेक्षा त्या विक्रेत्याच्या माहितीची खूण असते: कुठे निम्मी, कुठे तिप्पट. पण त्या गाळ्यातली गाडी कोणी तज्ज्ञाने निवडून ठेवलेली नसते. एका घरातून ती जशी निघाली तशीच इथे आलेली असते, आणि पुरावा म्हणून तिचे बळ यातच आहे.

आता हा पुरावा कोणत्या काळाचा, ते पाहू. जोशुआ लायनेल कॉवेन याने १९०० साली न्यूयॉर्कमध्ये कंपनी काढली. तिची पहिली विजेवरची गाडी दुकानाच्या काचेत गिऱ्हाईक ओढण्यासाठी ठेवायची होती, पण गिऱ्हाइके दुकानातला माल सोडून गाडीच मागू लागली. १९१५ पासून कंपनीने ओ गेजच्या गाड्या काढल्या. रुळांमधले अंतर सव्वा इंच आणि मध्ये वीज पुरवणारा तिसरा रूळ. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना आकाराची कल्पना लगेच येईल. तिथल्या गाड्या एचओ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या आहेत. ओ मापाची गाडी ढोबळमानाने अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाची, तिच्या जवळजवळ दुप्पट आणि ओतीव धातूची असेल तर चांगलीच जड. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, खेळण्यांच्या गाड्या बनवणे थांबले, कारण धातू लढाईला हवा होता. १९४३ च्या नाताळाला लायनेलने चक्क पुठ्ठ्याची गाडी विकली. युद्ध संपल्यावर मात्र भरभराट झाली. १९४६ मध्ये इंजिनाच्या धुराड्यातून खरा धूर निघू लागला, १९४७ मध्ये दुधाची वाघीण आली, आणि १९५३ च्या सुमारास लायनेलची वार्षिक विक्री ३ कोटी डॉलरच्या वर पोहोचली. तिच्याशी स्पर्धा करणारी अमेरिकन फ्लायर १९३८ पासून ए. सी. गिल्बर्टच्या ताब्यात होती. तिने १९४६ मध्ये मधला रूळ काढून टाकला आणि खऱ्या रेल्वेसारख्या दोन रुळांवर एस गेजची गाडी चालवली. स्वस्तातला बाजार लुई मार्क्सचा होता. त्याच्या पत्र्याच्या वाघिणींवर खिळे, दारे, अक्षरे सगळे छापलेले असे. ज्या घराला लायनेल परवडत नसे, त्या घरात मार्क्सची गाडी जाई. १९५५ मध्ये टाइम साप्ताहिकाने या मार्क्सला मुखपृष्ठावर छापले. तरीही जुन्या गाड्यांच्या चर्चेत मार्क्सचे नाव लायनेलच्या बरेच नंतर येते, कारण त्याचा माल फार खपला आणि स्वस्त होता. अँटिक मॉलमध्ये मात्र मार्क्सचा पत्रा जागोजाग भेटतो. कामगाराच्या घरातले मूल कशाशी खेळत होते, याचे उत्तर त्या पत्र्यात आहे.

हा पुरावा वाचायचा कसा? वाघीण उलटी करावी. वरची बाजू दाखवण्यासाठी रंगवलेली असते आणि तळाकडे कोणी लक्ष दिलेले नसते, म्हणून खरी माहिती तळाशी राहते. लायनेलची युद्धोत्तर वाघीण हातात घेतली की, पहिल्यांदा चाकांच्या चौकटी पाहाव्यात. १९४५ पासून कंपनीने खऱ्या रेल्वेसारखे, मूठ आवळल्यासारखे दिसणारे कपलर बसवायला सुरुवात केली. त्यांच्या चौकटी आधी ओतीव धातूच्या होत्या, आणि पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात प्लॅस्टिकच्या आल्या. एवढ्यावरून वाघिणीचा काळ ढोबळमानाने ठरवता येतो. मग चाकाची कड पाहावी. गाडी थोडीच चालली असेल तर कडेवर मूळ काळपट झाक शाबूत असते. बरीच चालली असेल तर जिथे चाक रुळाला टेकते तिथे एक चकचकीत पट्टा पडलेला दिसतो. इंजिनाच्या तळाला मधल्या रुळावरून वीज घेणारी लहान चाके असतात. त्यांच्यात खोबण पडली असेल, तर ते इंजिन कितीतरी दिवस गोल फिरले आहे असे खात्रीने सांगता येते. चाकांच्या आसांवर गुंडाळलेले गालिच्याचे धागे, केस, कधी नाताळच्या झाडाच्या सुकलेल्या सुया निघतात. गाडी टेबलावर मांडली जात होती की जमिनीवर, नाताळच्या दिवसांत की वर्षभर, हे त्यातून कळते. कपाटात जपलेल्या गाडीच्या तळाशी यातले काही नसते, कारण ती खेळलीच गेलेली नसते.

तळ न पाहता वरची अक्षरे वाचणारा हमखास फसतो. लायनेलच्या एका इंजिनावर १८६२ हा आकडा आहे. ते इंजिन १९५९ मध्ये बाजारात आले. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या, त्या वर्षी पळवून नेलेल्या एका इंजिनाची ती आठवण, म्हणून तो क्रमांक. ज्याला हे ठाऊक नाही, त्याला हातात दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची वस्तू आल्यासारखे वाटते. कित्येक वाघिणींच्या कडेला बांधणीचा महिना आणि वर्ष बारीक अक्षरांत छापलेले असते. खऱ्या रेल्वेची ती नक्कल आहे. तोच छाप पुढेही वापरला जाई, त्यामुळे कारखान्यातून त्या वाघिणीची निघण्याची तारीख तीच असेल असे नाही. आणि गुलाबी इंजिनाचे तर बोलायलाच नको. त्याच ठेवणीचे काळे इंजिन मुबलक, त्यामुळे कोणीही ते गुलाबी रंगवू शकतो, आणि तशी इंजिने बाजारात आहेत. वरचे कवच काढून आतली बाजू पाहिली, स्क्रूच्या भोकांच्या कडा पाहिल्या, की खालचा काळा रंग डोकावतो. दुर्मिळतेच्या मागे लागणाऱ्याला अशी शंका पदोपदी घ्यावी लागते. साध्या काळ्या इंजिनाची नक्कल करण्यात कोणाचाच फायदा नसतो, म्हणून त्याच्याबद्दल एवढी शंका घेण्याचे कारण पडत नाही. संशोधनाच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे.

एका रोगाची माहिती मात्र असलीच पाहिजे. १९२० आणि १९३० च्या दशकांतल्या पुष्कळ ओतीव सुट्या भागांना, विशेषतः चाकांना, जस्ताची कीड लागते. नाव किडीचे असले तरी यात जीवजंतूचा संबंध नाही. त्या काळी ओतकामाच्या जस्तात शिशाचा अंश राहून जाई. शेकड्याला काही शतांश इतके शिसेही पुरेसे असते. दमट हवेत धातूच्या कणांच्या सीमांवरून गंज आत शिरत जातो, धातू फुगतो, त्याला जाळीदार भेगा पडतात, आणि शेवटी बोटाने दाबले तरी चाकाचा भुगा होतो. अमेरिकेत १९२९ च्या सुमारास न्यू जर्सी झिंक कंपनीने अतिशुद्ध जस्ताचा मिश्रधातू काढला. तो सर्वत्र रुळला तसा हा रोग मागे हटला. म्हणूनच पन्नाशीतले इंजिन आजही ठणठणीत असते, तर त्याच्याहून वीस वर्षे जुने, दिसायला अधिक देखणे इंजिन उचलताच चाके गळून पडतात. या रोगावर औषध नाही, रोगट भाग बदलणे एवढेच हाती असते. गाडीला वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची रबराच्या वेष्टणाची जुनी वायर कडक होऊन तडकली असेल, तर तो भिंतीच्या विजेला लावू नये, वायर बदलून घ्यावी. इथे पुराव्याचे प्रेम आड येऊ देऊ नये.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: इंटरनेट असताना गाळे पालथे घालायचे कशाला? ईबे १९९५ मध्ये सुरू झाले आणि जी वस्तू पाहायला लोक शेकडो मैल जात, ती घरबसल्या दिसू लागली. कुठली वाघीण कितीला विकली गेली तेही कळू लागले. दुर्मीळ म्हणून मिरवणाऱ्या कित्येक वस्तू तेवढ्या दुर्मीळ नसल्याचेही उघड झाले. हे सगळे मान्य आहे. विशिष्ट क्रमांकाची वाघीण हवी असणाऱ्याने इंटरनेटच वापरावे. पण जड इंजिन नीट बांधून, विमा उतरवून पाठवायला पैसे लागतात. दहा-पंधरा डॉलरच्या ओरखडलेल्या वाघिणीसाठी तेवढी मेहनत कोण करील? म्हणजे जे साधे, झिजलेले, एका चाकाने लंगडे आहे, ते इंटरनेटवर निघतच नाही किंवा ढिगात विकले जाते. माळ्यावरून गाळ्यात आणि गाळ्यातून कोणाच्या तरी हातात, एवढाच त्याचा प्रवास. शिवाय छायाचित्र वस्तूची चांगली बाजू दाखवते. आसाभोवतीचा धागा आणि चाकावरची बारीक भेग पाहायला वस्तू हातातच घ्यावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. अँटिक मॉलमधला माल हा खऱ्या घरांचा प्रातिनिधिक नमुना कशावरून? जाणकार विक्रेते चांगल्या वस्तू आधीच उचलतात, आणि दुसरीकडे, मुलांना ज्यांचा सर्वांत जास्त लळा होता त्या गाड्या मोडून कचऱ्यात गेल्या असणार. पहिला भाग मला अडचणीचा वाटत नाही. चाळणीतून दुर्मीळ माल निघून गेला, तर मागे साधा माल उरतो, आणि आपण तोच शोधत आहोत. दुसऱ्या भागात तथ्य आहे. १९३४ मध्ये लायनेल दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना कंपनीने मिकी आणि मिनी माउस दांडा हलवत नेतात अशी चावीची ढकलगाडी १ डॉलरला काढली. तिचा खप अडीच लाखांच्या घरात गेला आणि तिनेच कंपनी तारली, असे म्हटले जाते. इतकी खपलेली वस्तू आज धड अवस्थेत सहज मिळत नाही. बाहुल्यांचे रबरी पाय कुजले, चावीची स्प्रिंग तुटली आणि ती फेकून दिली गेली. तेव्हा गाळ्यांत काय दिसते यावरून किती खपले याचा हिशेब मांडू नये. त्यासाठी कंपन्यांची सूचिपत्रे आणि विक्रीचे आकडे आहेत. गाळ्यांतल्या वस्तूने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यावे: जे खपले ते कसे वापरले गेले? सूचिपत्रात दुधाच्या वाघिणीचा पांढऱ्या कपड्यांतला लहानसा माणूस दार उघडून कॅन फलाटावर ढकलतो आणि सगळे जिथल्या तिथे असते. गाळ्यात वाघीण सापडते, फलाट सापडत नाही, कॅन जवळजवळ हरवलेलेच असतात, आणि दाराच्या बिजागरीला घरच्या घरी केलेली दुरुस्ती दिसते. गंमत सर्वांत जास्त कशात होती, हे त्या बिजागरीने सांगितलेले असते, आणि असे सांगणारे सूचिपत्र मला माहीत नाही.

म्हणून मला घासूनपुसून, नवा रंग देऊन विकायला काढलेली गाडी पाहिली की वाईट वाटते. त्यामागचे प्रेम मी नाकारत नाही. मोडकी वस्तू पुन्हा चालू करण्याचा आनंद खरा असतो. लायनेलच्या युद्धोत्तर गाड्यांचे सुटे भाग आजही नवे करून मिळतात, त्यामुळे तसे करणे सोपेही आहे. तेल द्यावे, ब्रश बदलावेत, वायर बदलावी, गाडी चालवावी, ती चालण्यासाठीच आहे. पण रंगाला हात लावू नये. पेनसिल्व्हेनियात १९५४ मध्ये स्थापन झालेल्या ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनने गाड्यांची अवस्था १ ते १० अशा दर्जांत मोजण्याची पद्धत रुळवली. १० म्हणजे कारखान्यातून निघालेली, हात न लागलेली. विक्रीत फसवणूक टळावी म्हणून ती पद्धत फार उपयोगी आहे, आणि तिच्यामुळे व्यवहार सचोटीचा झाला हे मान्यच करायला हवे. मात्र या मोजपट्टीत खेळणाऱ्या हाताचा प्रत्येक ठसा दोष म्हणून मोजला जातो. खोक्यांचेही तसेच. लायनेलच्या नारिंगी-निळ्या खोक्याला कधीकधी आतल्या वाघिणीइतकी किंमत येते, पण ते कोरे, न फाटलेले असेल तर. चिकटपट्टीने सांधलेले, ज्याच्या झाकणावर कोणीतरी डब्यांची यादी लिहिली आहे असे खोके खालच्या दर्जाला जाते. बाजाराचा हिशेब बाजारापुरता ठीक आहे, पण पुरावा शोधणाऱ्याने तो डोक्यावर घेऊ नये.

हा छंद म्हाताऱ्यांबरोबर संपत चालला आहे, असेही म्हणतात. पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावी दरवर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये भरणाऱ्या मोठ्या आगगाडी मेळ्यात पांढरी डोकी जास्त दिसतात, यात शंका नाही, आणि साध्या गाड्यांचे भाव उतरलेही आहेत. ज्यांनी गुंतवणूक म्हणून गाड्या साठवल्या त्यांना याचा फटका बसला. पण ज्या पिढीने या गाड्या नवीन असताना चालवल्या, तिची घरे नेमकी आता आवरली जात आहेत. माळ्यावरचा माल बाहेर पडण्याचे दिवस हेच आहेत, आणि भाव उतरल्यामुळे जाणकाराला न परवडणारे असे त्यात थोडेच आहे. शिवाय घर आवरणाऱ्या मुलांना अजून आठवत असते की रूळ कुठे मांडले जायचे, कोणाच्या हातात ट्रान्सफॉर्मर असायचा. वस्तू गाळ्यात आली की ही माहिती तुटते, आणि ती परत मिळवायला कोणताही बाजार नाही.

न्यू जर्सीत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. लायनेलचा मोठा कारखाना न्यूअर्कला लागून, इर्व्हिंग्टन आणि हिलसाइडच्या हद्दीवर होता. एडिसनहून तिथे जायला फार वेळ लागत नाही, आणि पेनसिल्व्हेनियातले अँटिक मॉल सुट्टीच्या दिवशी सहज पाहून येता येतात. त्या कुटुंबांना एक विनंती आहे. अशा गाळ्यातून एखादी वाघीण मुलांसाठी घेतलीत, तर विक्रेत्याची चिठ्ठी फेकू नका. गल्ल्यावर विचारून, माल कुठल्या गावच्या घरातून आला हे कळले तर त्या चिठ्ठीच्या मागे तारखेसह लिहून ठेवा. आणि खोक्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले एखाद्या मुलाचे नाव दिसले, तर ते पुसू नका.